पाठीवरचे अक्षर : ‘ड्रॅगन बॉल’ची पात्रे कशी घडली

#थ्रेड #इतिहास #ड्रॅगनबॉल

‘ड्रॅगन बॉल’ या मालिकेच्या नायकाचे अकिरा तोरियामा यांनी काढलेले पहिले चित्र माकडाचे होते. अंगावर केस असलेले, खरेखुरे माकड. संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी ते नाकारले, कारण त्यात नवे काहीच नव्हते. जपानमधील शाळकरी मुलालाही ते ‘पश्चिमयात्रे’तील वानर म्हणून ओळखता आले असते. तोरियामांनी दुसऱ्या खेपेस साधा मुलगा काढला. तो फारच साधा निघाला. मग त्याला शेपटी लावण्यात आली. हा मुलगा पृथ्वीवरचाच नाही, असे याच शेपटीच्या आधाराने चार वर्षांनी सांगितले जाईल, याची तेव्हा कोणालाही कल्पना नव्हती.

गोकूच्या जन्माची ही हकिकत म्हणजे पूर्ण मालिकेच्या घडणीचा नमुनाच आहे. पात्र आधी डोक्यात सिद्ध झाले आणि नंतर कागदावर उतरले, असे ‘ड्रॅगन बॉल’मध्ये क्वचितच घडले. संपादकाचा नकार, वाचकांची मते, शाई भरणाऱ्या साहाय्यकाचे दुखणारे हात आणि दूरचित्रवाणीचे वेळापत्रक यांच्या रेट्यात ही माणसे घडत गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एखादा ताम्रपट जसा आपल्या काळाची साक्ष देतो, तशी साक्ष ही पात्रेही देतात. मात्र त्यासाठी त्यांच्या पोशाखाकडे, केसांकडे आणि बोलण्याकडे बारकाईने पाहावे लागते.

आरंभ चित्रपटापासून झाला. ‘डॉ. स्लम्प’ ही विनोदी मालिका काढत असताना तोरियामा जॅकी चॅनचे चित्रपट लावून काम करीत. १९७८ सालचा ‘ड्रंकन मास्टर’ तर त्यांनी असंख्य वेळा पाहिला होता. एवढे वेड आहे तर कुंग-फूचीच मांगा काढावी, असे तोरिशिमांनी सुचवले आणि १९८३ मध्ये ‘ड्रॅगन बॉय’ ही छोटी कथा आली. तिला मिळालेल्या प्रतिसादातून १९८४च्या अखेरीस ‘वीकली शोनेन जम्प’मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ सुरू झाले. कामे-सेन्निन हा वृद्ध गुरू पहिल्या स्पर्धेत वेषांतर करून उतरतो, तेव्हा स्वतःचे नाव ‘जॅकी चुन’ सांगतो आणि मद्यधुंद मुष्टियुद्धाचे डाव टाकतो. ऋण फेडण्याची ही पद्धत चांगलीच खट्याळ आहे.

कथेचा सांगाडा मात्र चिनी होता. ‘पश्चिमयात्रा’ म्हणजे ‘शीयोउजी’ या शंभर अध्यायांच्या कादंबरीची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पूर्ण आवृत्ती १५९२ची आहे. तिच्यातील सुन वूकोंग या वानराच्या नावाचा जपानी उच्चार ‘सोन गोकू’ असा होतो. वूकोंग म्हणजे ज्याला शून्याचा बोध झाला आहे तो. बौद्ध परंपरेतील ‘शून्यता’ या नावातच दडलेली आहे. मूळ कथेतील भिक्षूच्या जागी तोरियामांनी बुल्मा ही शहरी, हुशार, काहीशी स्वार्थी मुलगी आणली. वराहमुखी सोबत्याचा ऊलाँग झाला, तर वाळूतल्या राक्षसाच्या जागी वाळवंटातला दरोडेखोर यामचा आला. पवित्र ग्रंथांऐवजी सात गोळे आले. सुन वूकोंगच्या मुळाशी आपला हनुमान आहे, असे मत चिनी विद्वान हू शी यांनी मांडले होते. लू शुन यांनी ते न मानता चिनी दंतकथांतच त्याचे मूळ शोधले. तो वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

या कादंबरीमागे उभा असलेला खरा भिक्षू म्हणजे ह्युएन त्सांग. तो सातव्या शतकात भारतात आला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातून फिरला आणि ६४५ मध्ये चीनला परतला. महाराष्ट्रातील लोकांविषयी त्याने लिहून ठेवलेले वर्णन येथे आठवल्याशिवाय राहत नाही. हे लोक उपकार विसरत नाहीत, अपमान झाल्यास सूड घेतात, पण त्याआधी शत्रूला सावध करतात आणि शरण आलेल्याला मारत नाहीत, असे तो सांगतो. गोकूचा स्वभाव याहून फार वेगळा नाही. अर्थात तोरियामांनी हे वर्णन वाचले असेल असे मानण्यास कसलाही आधार नाही. तेराशे वर्षांच्या अंतराने दोन टोकांना उमटलेले हे साम्य आहे आणि त्याची गंमत तेवढीच घ्यावी.

‘जम्प’मध्ये प्रत्येक अंकासोबत मतपत्रिका असे आणि वाचकांच्या मतांवर मालिकांचे भवितव्य ठरे. सात गोळ्यांचा पहिला शोध संपता संपता ‘ड्रॅगन बॉल’ची लोकप्रियता घसरली. नायकच साधा आहे, असे तोरिशिमांनी पुन्हा सुनावले. तोरियामांना तो साधाच हवा होता. मग वाट निघाली ती अशी की, त्याचा साधेपणा राखायचा, पण त्याला एकच ठळक ओढ द्यायची : अधिकाधिक बलवान होण्याची. आधीची बहुतेक पात्रे बाजूला सारली गेली, कामे-सेन्निन तेवढा उरला आणि गोकूच्या शेजारी क्रिलिन आला.

क्रिलिन हा या मालिकेतील सर्वांत हिशेबी आराखडा आहे. तुळतुळीत डोके, कपाळावर सहा ठिपके आणि चेहऱ्यावर नाकच नाही. ठिपके चिनी भिक्षूंच्या डोक्यावर दीक्षेच्या वेळी उदबत्तीने दिल्या जाणाऱ्या डागांवरून घेतलेले आहेत. तो ज्या मठातून आला त्याचे जपानी नाव ‘तारिन्जी’. ‘शाओलिन’ या नावातील पहिल्या चिनी अक्षराचा अर्थ ‘थोडे’, म्हणून तोरियामांनी तेथे ‘पुष्कळ’ या अर्थाचे अक्षर बसवले. क्रिलिन धूर्त आहे, मुलींना भुलवण्यासाठी युद्धकला शिकायला आला आहे, हरण्याची त्याला भीती वाटते. गोकूमध्ये यांपैकी काहीच नाही. गोकूचा निर्मळपणा वाचकाला जाणवला तो क्रिलिनच्या या मानवी खोडींशेजारी. साध्या नायकाला उठाव देण्यासाठी नायकात भर घालावी लागत नाही, शेजारी योग्य माणूस उभा करावा लागतो, हे तोरियामांना येथे उमगले असावे. पिकोलो आणि व्हेजिटा यांच्या बाबतीतही पुढे हेच झाले.

याच काळात तो प्रसिद्ध नारिंगी पोशाख आला. त्यावर ‘कामे’, म्हणजे कासव, हे अक्षर होते. गोकू आणि क्रिलिन कोणत्या गुरूचे शिष्य आहेत हे ते अक्षर सांगत होते. पुढे गोकू मरणोत्तर कायो या देवतेकडे शिकून परततो, तेव्हा पाठीवर त्या नव्या गुरूचे नाव असते. नामेक ग्रहाकडे निघताना त्या जागी ‘गो’, म्हणजे बोध, हे त्याच्या स्वतःच्या नावातील अक्षर येते. मालिकेच्या शेवटच्या टप्प्यात तर पोशाखावर अक्षरच उरत नाही. शिष्यत्वापासून स्वतंत्र होण्यापर्यंतचा प्रवास एकाही संवादाविना कापडावर लिहिला गेला आहे.

या अक्षरांचा सर्वांत हृद्य उपयोग पिकोलोच्या बाबतीत झाला आहे. पिकोलो हा गोकूचा हाडवैरी. त्याला मारण्यासाठीच जन्मलेला. गोकूच्या मृत्यूनंतर तो गोकूच्या लहानग्या मुलाला, गोहानला, रानात नेऊन युद्धकला शिकवतो आणि त्याला गोकूसारखाच पोशाख देतो. मात्र त्यावर अक्षर असते ‘मा’, म्हणजे असुर. हे मूल आता माझे, असा तो दावा होता. पण झाले उलटेच. नाप्पाने गोहानवर सोडलेला घातक प्रहार पिकोलो स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. मूल असुराचे झाले नाही, असुरच मुलाचा झाला. पुढे सेलशी झालेल्या निर्णायक लढतीत गोहानने जांभळा पोशाख आणि पांढरा झगा घातलेला असतो. तो पिकोलोचा वेष आहे. बाप शेजारी उभा असताना मुलाने गुरूचा वेष निवडावा, यातील अर्थ लहान प्रेक्षकांनाही कळत होता.

गोकूच्या वाढीची गोष्ट वेगळी आहे. १९८८ मध्ये तोरियामांनी त्याला अचानक तरुण केले. बुटका देह, आखूड हातपाय आणि मोठे डोके घेऊन गंभीर लढत काढणे कठीण जात होते. नायकाचे रूप असे बदलू नये, असे संपादकीय विभागाचे म्हणणे होते, कारण वाचक त्या रूपाशी जडलेला असतो. तोरियामांनी ऐकले नाही. लोकप्रिय मांगातील नायक वर्षानुवर्षे एकाच वयाचे राहत असताना गोकू वाढला, त्याचे लग्न झाले, त्याला मूल झाले. ज्यांनी त्याला दहाव्या वर्षी वाचायला घेतले, ते वाचकही त्याच्यासोबत मोठे होत होते.

तोएई ॲनिमेशनची दूरचित्रवाणी मालिका २६ फेब्रुवारी १९८६ रोजी सुरू झाली होती. तरुण गोकूच्या पर्वाला तिने एप्रिल १९८९ पासून नवे नाव दिले : ‘ड्रॅगन बॉल झेड’. ‘झेड’ हे अक्षर तोरियामांनी सुचवले, कारण ते वर्णमालेतील शेवटचे आणि त्यांना मालिका लवकर संपावी असे वाटत होते. ‘झेड’चे २९१ भाग झाले.

पडद्यावरच्या या पात्रांचे रेखाटनकार मिनोरू माएदा. तोरियामांची रेषा स्थिर चित्रासाठी होती. तीच रेषा अनेक हातांना सारखी काढता यावी म्हणून माएदांनी प्रत्येक पात्राचे समोरून, बाजूने आणि मागून असे नमुने बांधून दिले. तरीही प्रत्येक भागाचा चित्रपर्यवेक्षक वेगळा असल्याने गोकूचा चेहरा आठवड्यागणिक थोडा बदले. कधी गाल गोल, कधी हनुवटी धारदार. ज्यांची नजर तयार आहे, ते श्रेयनामावली न वाचताही अमुक भाग तादायोशी यामामुरो यांचा आहे हे सांगू शकतात. शिल्पातील छिन्नीवरून कारागिरांची घराणी ओळखण्याचाच हा प्रकार.

मांगाच्या अगदी मागोमाग चालणाऱ्या या मालिकेला कथा पुरवून पुरवून वापरावी लागे. त्यामुळेच नामेक ग्रहाच्या विनाशाला उरलेली पाच मिनिटे अनेक भागांवर पसरली, म्हणून ‘झेड’ची आजही थट्टा होते. ती रास्त आहे. पण याच रिकाम्या वेळेत काही फार चांगले निपजले. गोकू आणि पिकोलो वाहन चालवण्याचा परवाना काढायला जातात, तो भाग मांगात नाही. ग्रह फोडू शकणारे दोन योद्धे गाडी शिकताना घामाघूम होतात आणि त्यातून पिकोलोचा ताठा जेवढा उलगडतो, तेवढा दहा लढायांतूनही उलगडला नसता. गोकूचा पिता बार्डॉक हाही दूरचित्रवाणीने घडवलेला. १९९०च्या विशेष कथेतील हे पात्र तोरियामांना इतके भावले की त्यांनी त्याला मूळ मांगात स्थान दिले.

आवाजाने केलेली घडण तर कागदावर शक्यच नव्हती. १९३६ साली जन्मलेल्या मासाको नोझावा यांनी लहानग्या गोकूला आवाज दिला आणि तो धिप्पाड पुरुष झाल्यावरही तोच आवाज राहिला. परदेशी प्रेक्षकाला हे प्रथम खटकते. परंतु त्या देहात एक मूल अजून वावरत आहे, ही जाणीव जपानी प्रेक्षकाला प्रत्येक वाक्यागणिक होत असते. गोहान आणि बार्डॉक यांचा आवाजही त्यांचाच.

मराठीत ‘मी’ एकच आहे. फार तर क्वचित ‘आपण’. जपानीत मात्र ‘मी’ म्हणण्यासाठी अनेक शब्द आहेत आणि कोण कोणता शब्द वापरतो यावरून त्याचे गाव, वर्ग, वय आणि गुर्मी कळते. गोकू ‘ओरा’ म्हणतो. हा गावंढळ, रानातल्या पोराचा शब्द. आईच्या धाकात अभ्यास करणारा गोहान ‘बोकू’ म्हणतो. फ्रीझा हा क्रूर सम्राट, पण र्‍यूसेई नाकाओ यांच्या गोड आवाजात तो अतिशय आदबीने ‘वाताशी’ म्हणतो, अनुचरांना ‘सान’ लावून हाका मारतो. रूप बदलल्यावर त्याची आदब गळते आणि ‘ओरे’ हा दांडगा शब्द येतो. क्रिलिनच्या मृत्यूनंतर गोकू प्रथमच सुपर सैयान होतो, तेव्हा त्याच्या तोंडचा ‘ओरा’ही जातो. तोही ‘ओरे’ म्हणतो. केस सोनेरी होणे सर्वांनी पाहिले, पण त्याहून भयंकर बदल त्या एका स्वरात होता. कार्टून नेटवर्कवर ‘झेड’ पाहिलेल्या आपल्याकडच्या पिढीपर्यंत तो कधी पोहोचलाच नाही.

त्या सोनेरी केसांचे कारण तोरियामांनी सांगून ठेवले आहे. गोकूचे काळे केस शाईने भरण्यात साहाय्यकाचा फार वेळ जाई. सुपर सैयानचे केस कोरेच ठेवायचे असल्याने ते काम वाचले. भेदक डोळे मात्र त्यांनी ब्रूस लीच्या, समोरच्याला जागीच खिळवणाऱ्या नजरेवरून घेतले. आळसातून आलेली कल्पना म्हणून हा किस्सा हसून सांगितला जातो, पण ते अर्धेच सत्य आहे. साधारण पंधरा पाने दर आठवड्याला, बहुतांशी एकाच साहाय्यकासह, साडेदहा वर्षे. श्रमाचा हा हिशेब मांडला की आळस हा शब्द विनोदापुरताच उरतो.

फ्रीझाकडे पुन्हा वळायला हवे, कारण काळाचा सर्वांत स्पष्ट ठसा त्याच्यावर आहे. तो १९८९ मध्ये कथेत आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तोक्योचा शेअर निर्देशांक ३८,९०० च्याही वर गेला होता आणि जमिनींच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या. जुन्या भाडेकरूंना, छोट्या घरमालकांना धाकदपटशाने हुसकून जमिनी मोकळ्या करणारे दलाल तेव्हा जपानी शहरांत बोकाळले होते. त्यांना ‘जिआगेया’ म्हणत. माणसांतील सर्वांत वाईट प्रकार म्हणून तोरियामांनी फ्रीझाच्या संदर्भात याच दलालांचे नाव घेतले आहे. फ्रीझाचा व्यवसाय आठवावा : चांगला ग्रह हेरायचा, तेथील रहिवासी संपवायचे आणि मोकळा ग्रह बड्या गिऱ्हाइकाला विकायचा. त्याची ती मधाळ, सभ्य भाषा एका धंद्याची भाषा होती.

सेल या खलनायकाची कुळकथा याहून हास्यास्पद. तोरियामांनी नवे शत्रू म्हणून दोन यंत्रमानव आणले. तोरिशिमा तोवर मालिकेचे संपादक राहिले नव्हते, तरी त्यांनी कळवले की एक म्हातारा आणि एक लठ्ठ्या यांना कोण घाबरेल? म्हणून १७ आणि १८ क्रमांकाचे तरुण यंत्रमानव आले. त्यावर ही तर पोरेच, अशी तक्रार झाली. म्हणून सेल आला. मग तत्कालीन संपादक यू कोन्दो यांना सेल कुरूप वाटला. म्हणून सेल रूपे बदलत सुंदर होत गेला. त्याच्या अंगावरचे असंख्य ठिपके काढताना तोरियामा स्वतः वैतागले होते. एवढ्या ओढाताणीतून आलेले कथानक कोसळायला हवे होते. ते उभे राहिले, कारण दर वेळी त्यांनी संपादकाच्या नकारालाच कथेचे वळण बनवले.

अशा झटपट घडणीची एक काळी बाजूही आहे. घाईत काढणारा हात मनात आधीच साठलेल्या साच्यांकडे वळतो. देवाचा सेवक पोपो याचा गुळगुळीत काळा रंग, जाड ओठ, फेटा आणि उडता गालिचा हे पाश्चात्त्य व्यंगचित्रांतील कृष्णवर्णीयांचे व पौर्वात्यांचे जुने विडंबन जपानमार्गे जसेच्या तसे आले आहे. हे साचे तेथे पोहोचवणाऱ्या पुस्तकांपैकी एक, ‘लिटल ब्लॅक साम्बो’, हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी भारतात राहत असताना लिहिले होते. त्यातील वाघ पळून पळून वितळतात आणि त्यांचे तूप होते. वंशभेदावरील टीकेनंतर जपानी प्रकाशकांनी १९८८ मध्ये त्याची भाषांतरे मागे घेतली. पोपो मात्र पडद्यावर तसाच राहिला. पुढे अमेरिकी आवृत्तीत त्याचे ओठ लहान केले गेले, एका प्रक्षेपणात तर तो निळा रंगवला गेला. निळ्या रंगाने प्रश्न सुटला असे म्हणणे कठीण आहे.

स्त्रीपात्रांचा हिशेबही तोट्याचाच. चीची स्पर्धेत उतरून गोकूशी लढते आणि पुढच्या पर्वात केवळ मुलाच्या अभ्यासावरून ओरडणारी आई उरते. बुल्मापाशी बुद्धी असल्यामुळे ती टिकली. १८ क्रमांकाला लढायला थोडी तरी जागा मिळाली. पुरुषांच्या बाबतीत शत्रूचाही आप्त होऊ शकतो इतकी लवचीकता दाखवणाऱ्या लेखकाने येथे इतका कंजूषपणा का केला, हा प्रश्न चाहत्यांनीच जास्त टोचून विचारायला हवा.

व्हेजिटाकडे पाहिले की तो कंजूषपणा अधिकच खुपतो. वंशाभिमानी, कुचका, खुनी राजपुत्र पृथ्वीवर आश्रिताप्रमाणे राहू लागतो, तेव्हा बुल्मा त्याला गुलाबी शर्ट देते आणि त्याच्या पाठीवर लिहिलेले असते ‘बॅड मॅन’. कासव, असुर, बोध या मालिकेतील हे शेवटचे थोर पाठलेखन म्हणता येईल. व्हेजिटा तो शर्ट संतापत घालतो, पण घालतो. गोकू आपल्याहून श्रेष्ठ आहे हे मनातल्या मनात कबूल करायला त्याला त्यानंतर बरीच वर्षे लागतात.

गोकूच्या स्वभावाविषयी तोरियामांचे आणि दूरचित्रवाणीचे कधीच पूर्णपणे जुळले नाही. पडद्यावर त्याला न्यायप्रिय महानायक केले गेले, याबद्दल त्यांनी पुढे उघड असमाधान व्यक्त केले. त्यांच्या मनातील गोकू जगाच्या रक्षणासाठी लढत नाही. त्याला फक्त आणखी बलवान व्हायचे असते आणि जग त्या ओघात वाचते. सेलच्या प्रसंगी हे उघडे पडते. स्वतः माघार घेतल्यावर तो शत्रूला शक्ती भरून देणारा दाणा देतो आणि मुलाला पुढे ढकलतो. तेव्हा पिकोलोच त्याच्यावर तुटून पडतो : गोहान तुझ्यासारखा नाही, त्याला लढण्याची आवड नाही, तो या क्षणी एवढाच विचार करत असेल की बाबा मदतीला का येत नाहीत. गोकूला हे खरोखरच सुचलेले नसते. ज्याला कधीकाळी पाठीवर ‘असुर’ लिहिलेला पोशाख दिला, त्या मुलाला पिकोलो त्याच्या बापाहून अधिक ओळखत होता.

१९९५ मध्ये मांगा संपली, तेव्हा ‘जम्प’चा खप ६५ लाखांचा उच्चांक गाठून गेला होता. ३१ जानेवारी १९९६ रोजी ‘झेड’ही संपले. शेवटी स्पर्धेत ऊब नावाचा सावळा मुलगा येतो. तो गरीब खेड्यातला आहे, गावातल्या माणसांच्या पोटासाठी त्याला बक्षिसाची रक्कम हवी आहे आणि एवढ्या गर्दीसमोर तो घाबरून थरथरत आहे. पोपोच्या साच्यातले काहीही त्याच्या चेहऱ्यावर नाही. गोकू त्याला मुद्दाम चिडवतो, लढायला लावतो आणि मग बायको, मुले, नात यांचा तिथल्या तिथे निरोप घेऊन, त्या पोराला पाठीवर बसवून त्याच्या गावाकडे उडून जातो. त्या वेळी गोकूच्या पोशाखावर कोणाचेही अक्षर नाही.